संशोधनपर लेखनाचा स्वामित्वहक्क : मौनाची किंमत

१

मराठी समीक्षेने गेल्या अर्धशतकात लेखक, संहिता आणि वाचक यांच्या परस्परसंबंधांची चर्चा कसोशीने केली. संहितेच्या अर्थावर लेखकाची सत्ता चालते काय, वाचकाला अर्थाचा सहनिर्माता मानावे काय, संहितेत परंपरेचा वाटा किती, अशा प्रश्नांवर चर्चासत्रे झाली, विशेषांक निघाले, प्रबंध लिहिले गेले. मात्र ज्या लेखांतून आणि प्रबंधांतून ही चर्चा झाली, त्यांच्यावर आज कोणाचा हक्क आहे, हा प्रश्न या चर्चेच्या परिघाबाहेरच राहिला. जणू तो वाङ्मयाचा प्रश्नच नव्हे; तो मुद्रकाचा, हिशेबनिसाचा किंवा फार तर वकिलाचा.

ही उदासीनता सर्व प्रकारच्या लेखनाबाबत सारखी नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मराठी ग्रंथाचे शीर्षकपृष्ठ उलटले की मागील पानावर ‘सर्व हक्क’ या शब्दांपुढे लेखकाचे, आणि पुष्कळदा त्याच्या पत्नीचे किंवा मुलांचे नाव आढळते. म्हणजे कादंबरीकार, नाटककार आणि पाठ्यपुस्तककार यांना हक्क ही काय वस्तू आहे हे चांगले ठाऊक आहे. तो वारसांसाठी राखून ठेवावा, इतकी दूरदृष्टीही त्यांच्यापाशी आहे. परंतु तोच लेखक जेव्हा एखाद्या त्रैमासिकाला शोधनिबंध देतो, चर्चासत्रातील निबंध संपादित ग्रंथासाठी सुपूर्द करतो किंवा गुरूच्या गौरवग्रंथात लेख लिहितो, तेव्हा हक्क हा शब्द उच्चारणेही त्याला असभ्यपणाचे वाटते. ललित लेखनाची मालकी आणि संशोधनाचे अर्पण, अशी एक विचित्र विभागणी मराठी ग्रंथव्यवहाराने मनोमन स्वीकारलेली आहे.

या विभागणीची किंमत सर्वाधिक कोण मोजतो, हे पाहण्यासाठी मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांपासून दूर जावे लागते. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. नळदुर्गाचा किल्ला जवळ, तुळजाभवानीचे क्षेत्र त्याच तालुक्यात, कर्नाटकाची सीमा फार दूर नाही. गोंधळ-आराधी परंपरा, सीमाभागातील मराठी-कन्नड भाषासंपर्क, निजामी राजवटीतील शिक्षण असे विषय तेथील अभ्यासकाच्या दारात उभे आहेत. तेथून एखादा महाविद्यालयीन अध्यापक किंवा पदव्युत्तर विद्यार्थी अशा विषयावर निबंध लिहितो असे समजावे. तो निबंध एखाद्या गौरवग्रंथात छापला जातो. त्या ग्रंथाच्या काहीशे प्रती निघतात. त्यांतील बहुतेक प्रती लेखक, संपादक आणि स्वागत समिती यांच्या घरी विसावतात. पुढे दहा वर्षांनी त्याच गावातील नव्या विद्यार्थ्याला तो निबंध हवा असेल, तर तो मिळत नाही. आणि ज्याने तो लिहिला त्याला तो पुन्हा छापण्याचा, संकेतस्थळावर ठेवण्याचा किंवा स्वतःच्या संग्रहात घेण्याचा धीर होत नाही, कारण ‘तो आता त्यांचा झाला’ अशी त्याची समजूत असते. ही समजूत खोटी आहे. ती खोटी असूनही सत्यासारखी चालते, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध लिहिणे आवश्यक ठरते.

२

या समजुतीला सिद्धान्ताच्या बाजूनेही एक आधार मिळालेला आहे. रोलां बार्थ यांचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा निबंध १९६७ मध्ये प्रथम इंग्रजी अनुवादातून प्रसिद्ध झाला. मिशेल फूको यांनी ‘लेखक म्हणजे काय’ हा प्रश्न १९६९ च्या व्याख्यानात मांडला. मराठीत हे विचार पोहोचले तेव्हा त्यांतून एक सोयीस्कर निष्कर्ष काढला जाऊ लागला : लेखक हीच जर एक रचित कल्पना आहे, तर लेखकाच्या हक्काचा आग्रह हा बूर्झ्वा व्यक्तिवादाचा अवशेष मानला पाहिजे. पुरोगामी अभ्यासकाने या आग्रहापासून दूर राहावे, असे या निष्कर्षाचे सूचन असते.

हा निष्कर्ष दोन भिन्न गोष्टींची गल्लत करतो. बार्थ यांनी ज्या लेखकाला निरोप दिला तो अर्थाचा अंतिम स्वामी होता. मुद्रणप्रतीचा, अनुवादाचा आणि पुनर्मुद्रणाचा निर्णय घेणारा नव्हे. अर्थावरील स्वामित्व नाहीसे झाले म्हणून प्रतीवरील स्वामित्व नाहीसे होत नाही. ते केवळ हात बदलते. फूको यांनी तर उलट दिशेनेच बोट दाखविले होते. संहिता ही मालमत्ता केव्हा आणि कशी झाली, हा त्यांच्या मांडणीतील महत्त्वाचा प्रश्न आहे. लेखक ही कल्पना ऐतिहासिक आहे असे म्हणणाऱ्याने प्रकाशक ही कल्पनाही तितकीच ऐतिहासिक मानली पाहिजे; परंतु ‘प्रकाशकाचा मृत्यू’ असा निबंध कोणी लिहिल्याचे दिसत नाही.

इतिहास येथे बोलका आहे. इंग्लंडमध्ये १७१० साली अंमलात आलेला कायदा विद्येच्या उत्तेजनासाठी केल्याचे त्याच्या नावातच सांगितले होते. त्याने हक्क लेखकाला दिला खरा. पण तो विकत घेणाऱ्याच्या हाती जाण्याची वाटही त्याच कायद्यात होती, आणि कायद्यासाठी खटपट करणारे प्रामुख्याने लंडनचे ग्रंथविक्रेते होते. लेखकाचे नाव पुढे करावयाचे आणि हक्क दुकानात ठेवावयाचा, ही रीत त्या काळापासूनची आहे. आजचा अभ्यासक लेखकाच्या मृत्यूचा सिद्धान्त उद्धृत करून आपल्याच लेखाचे हक्कपत्र प्रकाशकाच्या हवाली करतो, तेव्हा तो कोणतीही क्रांती करीत नाही; तो तीनशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथविक्रेत्याचे काम सोपे करतो.

३

दुसरा आधार कायद्याच्या अज्ञानाचा आहे. ‘लेख छापला की हक्क संपादकाचा’ हे वाक्य मराठी विभागांत इतक्या सहजतेने उच्चारले जाते, की ते कायद्याचे कलम असावे असे वाटावे. वस्तुतः कायदा याच्या नेमका उलट आहे.

१९५७ चा प्रताधिकार अधिनियम १९५८ च्या जानेवारीत अंमलात आला. त्याच्या १७ व्या कलमानुसार साहित्यकृतीचा पहिला स्वामी तिचा लेखक होय. नोकरीच्या करारान्वये केलेल्या कामाचा अपवाद त्यात आहे. वृत्तपत्र-नियतकालिकाच्या मालकाला मिळणारा हक्कही त्याच्या नोकरीतील लेखकापुरताच आणि नियतकालिकीय प्रसिद्धीपुरताच आहे. बाहेरून लेख पाठविणारा अभ्यासक संपादकाचा नोकर नसतो. म्हणून हा अपवाद त्याला लागू होत नाही. आपला हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर १९ व्या कलमाप्रमाणे ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनिशी झाले पाहिजे. ही अट १९५७ च्या मूळ कायद्यातही होती. तेव्हा ज्या मराठी त्रैमासिकाने आपल्या लेखकांकडून कधी कागद लिहून घेतला नाही, त्या त्रैमासिकाकडे त्या लेखांचे स्वामित्व कधी गेलेच नाही. लेख पाठविण्याच्या कृतीतून एका प्रसिद्धीची अनुमती निघते. मालकी निघत नाही. ‘या अंकातील सर्व हक्क संपादकाधीन’ अशी ओळ अंकावर कितीही वर्षे छापली, तरी एकतर्फी घोषणेने दुसऱ्याची वस्तू आपली होत नाही. संपादित ग्रंथाच्या संपादकाला निवड आणि मांडणी यांवर हक्क सांगता येतो. आतील प्रत्येक निबंध ज्याचा त्याचाच राहतो.

१९९४ च्या दुरुस्तीने, जी मे १९९५ पासून लागू झाली, लेखकाचे संरक्षण आणखी वाढविले. हक्कपत्रात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ आणि कोणत्या प्रदेशासाठी हे नमूद असले पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते; प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. ज्याला हक्क दिला त्याने एक वर्षात त्यांचा वापर केला नाही, तर करारात वेगळे म्हटले नसल्यास ते हक्कांतरण रद्द होते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक दार बंद केले : करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख केल्याखेरीज त्या माध्यमातील हक्क दिला गेला असे समजता येत नाही. आणि ५७ वे कलम तर हक्क विकल्यानंतरही लेखकापाशी दोन गोष्टी ठेवते : कृती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार, आणि तिची विटंबना किंवा मोडतोड आपल्या प्रतिष्ठेला बाधक होत असेल तर ती रोखण्याचा अधिकार.

याचा अर्थ स्पष्ट आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठवाड्यातील संशोधन आणि समीक्षा ज्या ‘प्रतिष्ठान’, ‘अस्मितादर्श’ यांसारख्या नियतकालिकांतून आकाराला आली, त्यांतील लेखनाबाबत प्रश्न विचारावयाचा तो ‘कोणी कोणाला काय लिहून दिले होते’ हाच होय. जेथे काही लिहून दिलेले नाही, तेथे हक्क लेखकाचा किंवा त्याच्या वारसांचा आहे; आणि तो लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. १९९२ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. मराठी अभ्यासक ज्याला गमावलेली वस्तू मानतो, ती त्याच्याच घरात पडलेली आहे; त्याने फक्त कुलूप स्वतःच घातले आहे.

४

आता आक्षेपांकडे वळले पाहिजे. कारण ते हलक्या हाताने बाजूस सारण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप संपादकांचा. मराठीतील वैचारिक नियतकालिक हा तोट्याचा व्यवहार आहे. वर्गणीदार थोडे, जाहिराती नाहीत, अनुदान वेळेवर येत नाही; संपादक विनावेतन मुद्रिते वाचतो आणि प्रसंगी पदरमोड करून अंक काढतो. अशा संपादकाशी हक्काच्या गोष्टी बोलणे हा कृतघ्नपणा नव्हे काय? शिवाय जुन्या अंकांचे संगणकीकरण करावयाचे तर शेकडो लेखकांच्या, त्यांतील अनेकांच्या तर वारसांच्या, परवानग्या कोठून आणाव्यात? सर्व हक्क नियतकालिकाकडे असते तर हे काम एका निर्णयाने झाले असते.

या आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे, आणि त्यातूनच त्याचे उत्तर निघते. जो संपादक नफ्यासाठी अंक काढीत नाही, त्याला मालकीची गरजच काय? त्याला हवा असतो तो प्रथम प्रसिद्धीचा मान, अंक पुन्हा छापण्याची मुभा आणि संग्रह खुला ठेवण्याची सोय. या तिन्ही गोष्टी लेखी परवान्याने मिळतात. त्यासाठी लेखकाने स्वामित्व सोडावे लागत नाही. परवाना अनन्य नसेल तर तोच लेख लेखकाच्या संग्रहात, विद्यार्थ्याच्या हाती आणि महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरही राहू शकतो. जुन्या अंकांची अडचणही नेमकी यामुळेच उद्भवली आहे, की त्या काळी परवान्याचा चार ओळींचा कागद कोणी लिहून घेतला नाही. ज्याला अडचण मालकीच्या अभावाची वाटते, ती वास्तविक कागदाच्या अभावाची आहे. जेथे लेखक दिवंगत किंवा अज्ञात आहे, त्याचा ठावठिकाणा लागत नाही, तेथे ३१अ कलमाने सक्तीच्या परवान्याची वाट ठेवली आहे. ती वेळखाऊ आहे हे मान्य. पण तिच्यावर न चालण्याचे कारण म्हणून उद्याच्या लेखकांचे हक्क मागणे, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक उदात्त आहे, आणि म्हणूनच अधिक फसवा. विद्या हे दान आहे. आपल्या परंपरेत ज्ञानाला मालक नव्हता. संतांनी अभंगांचे हक्क राखले नाहीत. मग अध्यापकाने, ज्याचा पगार समाजच देतो, आपल्या निबंधावर हक्क का सांगावा?

परंपरेचा हा दाखला अर्धवट आहे. मराठी परंपरेने ज्ञान खुलेही ठेवले आणि बंदही केले. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत ठेवले, ती उकलण्यासाठी विसाव्या शतकात राजवाड्यांसारख्या संशोधकाला परिश्रम करावे लागले. आणि जेथे ज्ञान खुले होते तेथेही ते निनावी नव्हते. धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या गोरोबा कुंभारांपासून देहूच्या तुकोबांपर्यंत अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा आहे. अभंग कोणीही गावा, कोणीही उतरवून घ्यावा. पण तो कोणाचा, हे पुसता कामा नये, असा तो दंडक होता. आजच्या भाषेत सांगावयाचे तर वारकरी परंपरेने प्रतीचा हक्क मोकळा सोडला आणि कर्तृत्वाचा हक्क राखला. अभ्यासकाने हक्क राखावयाचा तो याच धर्तीवर. ‘हक्क हस्तांतरण’ असे शीर्षक असलेल्या पत्रावर सही करणारा याच्या नेमके उलट करतो : प्रत सर्वांना बंद होते, आणि ती बंद करणारा लेखक नसून तिसराच कोणी असतो.

शिवाय दानाचे एक साधे तत्त्व या आक्षेपात विसरले गेले आहे. जे आपले आहे तेच देता येते. ज्याने हक्क लिहून दिला, तो दाता उरत नाही. दान द्यावयाचे की नाही हे आता दुसरा ठरवितो. ज्या अभ्यासकाला आपले लेखन खरोखरच लोकार्पण करावयाचे आहे, त्याला २१ व्या कलमाने हक्क सोडण्याची सोयही दिली आहे. प्रताधिकार निबंधकाला सूचना देऊन किंवा जाहीर सूचनेने ते करता येते. पण सोडण्यासाठीही तो आधी हाती असावा लागतो.

५

हक्क हाती असणे म्हणजे काय, याचे सर्वांत ठळक उदाहरण मराठी मुलखातलेच आहे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने १९३६ च्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना निमंत्रण दिले. भाषण छापावयाचे कोठे, येथूनच मतभेदाला सुरुवात झाली; मंडळाला ते लाहोरला छापून हवे होते, आंबेडकरांनी मुंबईचा आग्रह धरला. पुढे मजकूर पाहून मंडळाला काही भाग गाळावासा वाटला. आंबेडकरांनी बदल करण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली. आणि न झालेले ते भाषण त्यांनी स्वखर्चाने मुंबईत छापून प्रसिद्ध केले. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आज जगभर वाचले जाते, याचे श्रेय त्यातील विचाराला आहे तसेच त्या निर्णयालाही आहे. मुद्रणाचा निर्णय मंडळाच्या हाती गेला असता, तर संपादनाचाही गेला असता. हा प्रश्न मानधनाचा नव्हता. आपल्या संहितेविषयीचा शेवटचा शब्द कोणाचा, हा होता.

त्याच लेखनाची पुढील हकीकत तितकीच बोधप्रद आहे. आंबेडकरांच्या निधनानंतर त्यांचे अप्रकाशित लेखन वर्षानुवर्षे वाचकांपासून दूर राहिले. महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये साधन समिती नेमली, १९७९ मध्ये पहिला खंड आला, आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली या कार्याने आकार घेतला. पण खंड एकदा संपला की पुन्हा छापण्याचा निर्णय शासनाच्या यंत्रणेच्या गतीने होऊ लागला. ही रखडलेली छपाई अखेर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तपत्रीय बातमीवरून स्वतःहून दखल घेण्याइतकी चर्चेची झाली. २०१६ च्या अखेरीस साठ वर्षांची मुदत पुरी होऊन आंबेडकरांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांना मोकळे झाले. सद्हेतूने नेमलेल्या सार्वजनिक यंत्रणेच्या हातीदेखील ग्रंथ दुर्मिळ होऊ शकतो. तर ज्या खाजगी प्रकाशनसंस्थेचा हेतूच विक्री आहे, तिच्या हाती सर्व हक्क देताना अभ्यासकाने किती सावध असावे, हे वेगळे सांगावयास नको.

या सावधगिरीच्या अभावी काय घडते, ते दिल्लीत दिसले. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा लावला. विद्यार्थ्यांसाठी निवडक प्रकरणांच्या प्रती एकत्र बांधून दिल्या जात, हा आरोप होता. तीनशेहून अधिक अभ्यासकांनी दावा मागे घेण्याची विनंती प्रकाशकांना केली, आणि त्यांत ज्यांच्या ग्रंथांचा दाव्यात उल्लेख होता असे लेखकही होते. अमर्त्य सेन यांनीही त्याच आशयाचे आवाहन केले. तरीही दावा चालला. कारण लेखकाची इच्छा ही आता केवळ नैतिक वजनाची बाब उरली होती. उच्च न्यायालयाने सप्टेंबर आणि डिसेंबर २०१६ मधील निर्णयांत अध्यापनासाठी केलेल्या पुनरुत्पादनाला कायद्याने दिलेली सूट व्यापक अर्थाने मान्य केली, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. विद्यार्थी वाचले ते कायद्याच्या ५२ व्या कलमामुळे. लेखकांच्या सदिच्छेमुळे नव्हे. आपल्याच पुस्तकाच्या नावाने आपल्याच विद्यार्थ्यावर भरलेला खटला लेखकाला थांबविता येऊ नये, हे दृश्य ज्यांना असह्य वाटते त्यांनी सहीच्या क्षणाकडे मागे वळून पाहिले पाहिजे.

६

तो सहीचा क्षण मराठी अभ्यासकाच्या आयुष्यात गेल्या दीड दशकात वारंवार येऊ लागला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीला गुणांकाशी बांधले आणि छापील निबंधांची संख्या ही नोकरीची भाषा झाली. मागणी वाढली तशी दुकाने उघडली. शुल्क घेऊन लगोलग छापणारी, नावापुरती ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिके उदयास आली. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्या मान्य यादीतून ४३०५ नियतकालिके वगळावी लागली. नंतर ‘केअर’ यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ च्या सूचनेने तीही बंद झाली; नियतकालिकांची पारख आता संस्थांवरच सोपविली आहे. याद्या आल्या आणि गेल्या. पण या काळात रुजलेली सवय गेली नाही. लेखक लिहितो, लेखकच शुल्क भरतो, आणि छापील नमुन्यावर सही करून सर्व हक्क कायमचे देऊनही टाकतो. कोणत्याही बाजारात विकणारा गिऱ्हाइकाला पैसे देऊन वस्तू देत नाही. संशोधनाच्या बाजारात हे नित्य घडते, आणि त्याला गुणवत्ता म्हणतात.

राष्ट्रीय पातळीवर हाच व्यवहार अधिक भव्य प्रमाणात दिसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या सुमारे तेरा हजार नियतकालिकांसाठी तीन वर्षांकरिता ६००० कोटी रुपयांची तरतूद आहे. जळकोटच्या परिसरातील महाविद्यालयाला त्यांतून परदेशी निबंध मिळतील, हे स्वागतार्ह. पण त्या निबंधांत भारतीय विद्यापीठांत, भारतीय पैशाने झालेले संशोधनही आहे, आणि ते परत विकत घ्यावे लागते. तुळजापूरच्या गोंधळावरील मराठी निबंध मात्र त्या तेरा हजारांत सापडणार नाही. तो मिळेल तो एकाच मार्गाने : त्याच्या लेखकाने तो देण्याचा हक्क राखला असेल तर.

हा हक्क राखणे अशक्य नाही, हे अन्यत्र सिद्ध झाले आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या कला व विज्ञान विद्याशाखेने फेब्रुवारी २००८ मध्ये ठराव केला, की प्रत्येक अध्यापक आपल्या निबंधाचा अनन्य नसलेला परवाना विद्यापीठाला आधीच देईल. त्यामुळे पुढे प्रकाशकाशी बोलताना तो एकटा राहत नाही. जर्मनीने २०१४ पासून कायद्यातच तरतूद केली : किमान निम्म्या सार्वजनिक निधीतून झालेल्या संशोधनाचा नियतकालिकीय निबंध, प्रसिद्धीनंतर बारा महिन्यांनी, स्वीकृत हस्तलिखिताच्या रूपात, व्यापारी हेतूविना खुला करण्याचा लेखकाचा हक्क करारानेही काढून घेता येत नाही. भारतात डिसेंबर २०१४ मध्ये जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान या दोन विभागांनी खुल्या उपलब्धतेचे धोरण स्वीकारले. मानव्यविद्यांसाठी आणि भारतीय भाषांसाठी त्या तोडीचे काही घडलेले नाही.

तोवर अभ्यासकाने स्वतः जे करावयाचे ते थोडके आहे. हक्क हस्तांतरणाचा नमुना आला तर ‘हस्तांतरण’ हा शब्द खोडून ‘प्रथम प्रसिद्धीचा परवाना’ असे लिहावे. अनुवाद, संग्रहातील पुनर्मुद्रण आणि संगणकीय प्रसिद्धी यांचे हक्क आपल्याकडे असल्याचे वेगळे नमूद करावे. मुदत आणि प्रदेश कोरे सोडू नयेत. स्वीकृत हस्तलिखिताची अंतिम प्रत स्वतःजवळ जपावी, कारण संपादकाची मांडणी संपादकाची असली तरी मजकूर लेखकाचा असतो. संपादकाने नकार दिला तर निबंध दुसरीकडे द्यावा. विभागप्रमुखांनी आणि महाविद्यालयांनी ही अट एकत्रितपणे लावली, तर एकट्या नवोदिताला तिची भीती उरणार नाही. नोकरीच्या करारातील अपवादाचा आधार घेऊन उद्या एखादी संस्था अध्यापकाच्या निबंधावरच हक्क सांगू नये, म्हणून संशोधनपर लेखन अध्यापकाचे राहील असे संस्थेच्या नियमांत स्पष्ट लिहून घेणेही तितकेच आवश्यक आहे.

आणि संपादकांसाठी एकच मागणी पुरेशी आहे. मराठीतील प्रत्येक वैचारिक नियतकालिकाने पुढील अंकापासून ‘सर्व हक्क संपादकाधीन’ ही ओळ काढावी, तिच्या जागी ‘लेखांचे हक्क लेखकांकडे, अंकात व अंकाच्या संग्रहात प्रसिद्धीचा परवाना नियतकालिकाकडे’ अशी ओळ छापावी, आणि तिला आधार देणारा चार ओळींचा कागद प्रत्येक लेखकाकडून सहीनिशी घ्यावा. यासाठी अनुदान लागत नाही, वर्गणी वाढवावी लागत नाही, कायदा बदलावा लागत नाही. ज्या नियतकालिकांनी साठोत्तरी काळात कोण छापील या प्रश्नावर वाङ्मयीन सत्तेशी झुंज घेतली, त्यांच्या वारसदारांना कोणाचे राहील हा प्रश्न विचारणे जड जाऊ नये. ती झुंज अर्धी जिंकली गेली होती. उरलेला अर्धा भाग एका सहीच्या जागेत अडकून पडला आहे.